चिकाचा हलवा : चीक कोणता, दूध कोणतं?

प्रश्न : बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांत रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, 'चिकाचा हलवा' करतात. चीक म्हणजे व्यालेल्या गाईम्हशीचं पहिलं दूध ना, ज्याचा खरवस होतो? मग पुढे 15 तिश्रीला (तिश्री हा ज्यू महिना) येणाऱ्या सुक्कोथ या सणाच्या मांडवात मटणाच्या जेवणावर हा हलवा कसा चालेल? कोशेरमध्ये, म्हणजे ज्यू आहारनियमांत, मांसासोबत दूध वर्ज्य. की 'हलवा' हा शब्दच हिब्रू 'हलाव'वरून (दूध) आलाय?

उत्तर : हा चीक गव्हाचा, कुरडयांसाठी काढतात तोच. दाट, पांढरा, चिकट रस तो चीक, मग तो झाडाचा असो, धान्याचा की सडाचा. खरवसाचा चीक मात्र पक्का दूधच, त्यामुळे शंका योग्य आहे. 'हलवा'चा 'हलाव'शी संबंध नाही. तो अरबी 'हुल्व'वरून, म्हणजे गोड. 'हलाव'मधला 'व' मुळात 'ब' आहे, म्हणून त्याचं अरबी भावंड 'हलीब'.

पुरवणी, कृतीची : गहू आधी नीट निवडा. कीड पोटात जाणं कोशेरमध्ये वर्ज्य आहे. मग तीन दिवस भिजवून पाणी रोज बदला, नाहीतर आंबूस वास हलव्यात उतरतो. वाटून, गाळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळ पूर्ण ओता. निवळ राहिली तर वड्या पडत नाहीत. दाट चीक 1 वाटी, नारळाचं दूध 3 वाट्या, साखर सव्वा वाटी, चिमूटभर मीठ. सगळं गार असतानाच एकत्र करा, गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या झाल्याच. मंद आचेवर सतत ढवळा. गोळा भांड्याची कड सोडू लागला की वेलची घालून थापा. घाईत कच्चा उतरवलेला हलवा दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. हल्ली चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर आणि चायनाग्रास वापरतात. चायनाग्रास समुद्री शेवाळाचं, म्हणून चालतं. जिलेटिन प्राण्याचं, त्याला कोशेर शिक्का हवाच.

उत्तर (पुढे) : 'चीक'पेक्षा 'दूध' हा शब्द इथे जास्त फसवतो. नारळाचं दूध नियमाने दूध नाहीच. ते 'पारेव', म्हणजे ना मांसाचं, ना दुधाचं (शब्द यिडिश, आपल्या 'पर्वा'शी नातं नाही). पण वरून चमचाभर साजूक तूप सोडलंत तर हलवा दुधाचा झाला आणि मटणानंतर बहुतेक सेफार्दी (मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीत सहा तास थांबणं आलं. नारळाच्या दुधाच्या काही पावडरींत सोडियम केसिनेट असतं, तेही दुधाचंच प्रथिन. पाकीट वाचा.

प्रश्न : पाहुण्याला ते खरं दूध वाटलं तर?

उत्तर : याचाच विचार 16व्या शतकात पोलंडमधले रब्बी (ज्यू धर्मपंडित) मोशे इस्सर्लेस यांनी बदामाच्या दुधाबाबत केला : मांसासोबत ते वाढताना बदाम शेजारी ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होत नाही. त्याला 'मारित आयिन' म्हणतात, बघणाऱ्याच्या नजरेला दिसणारं. हलव्यावर, खिरीवर खोबऱ्याचे काप पसरले की तेच काम होतं. बेने इस्राएलांच्या जुन्या 'खिरीच्या सणा'तली नव्या धान्याची खीरही नारळाच्या रसातली. म्हणून कोकणात 'नारळाचा रस' म्हणतात तोच शब्द इथे वापरावा असं मला ठामपणे वाटतं. 'दूध' म्हटलं की स्वयंपाकघरात गाईचं दूध हाताशी येतं.