सीडीवरून बूट होत नाही म्हणून पीसी भंगारात? मला नाही पटत

खटपट्या: दुकानातला पेंटियम ३, रॅम ५१२ एमबी. विंडोज ९८ मध्ये सीडी व्यवस्थित वाचतो पण बूटच्या वेळी, म्हणजे पीसी सुरू होताना, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि पेनड्राइव्हचा तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पर्यायच नाही. सगळे म्हणतात फेकून दे. मला त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकायचंय, फक्त टेक्स्ट मोड, डेस्कटॉप नकोच, कारण पॅरलल पोर्टवर (प्रिंटरच्या जुन्या सॉकेटवर) बाबांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे आणि त्यावर बिलं छापायची आहेत. एवढ्यासाठी नवा पीसी घ्यायचा का?

भंगारवाला: घ्यायचा! पेंटियम ३ प्रोसेसरला एसएसई२ या नंतर आलेल्या सूचना समजत नाहीत, त्यामुळे आजचा फायरफॉक्स त्यावर उघडणारच नाही. आणि डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही, म्हणजे १२ वर अडकलास. यूएसबी-टू-पॅरलल केबल घे, कुठल्याही जुन्या लॅपटॉपला लाव, विषय संपला.

खटपट्या: ब्राउझर मागितलाय कोणी? आणि त्या केबलवर आमचा प्रिंटर अर्धं पान छापून थांबतो, करून बघितलंय.

फ्लॉपीप्रेमी: प्लॉप बूट मॅनेजरची फ्लॉपी कर रे, त्या छोट्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवरून बूट होतं. त्याचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असतो, बायोसला विचारतच नाही. फक्त पोर्ट यूएसबी १.१ असेल तर सेकंदाला जेमतेम १ एमबी येईल, तेव्हा चहा टाकून बस.

भंगारवाला: आणि चालणारी फ्लॉपी आणणार कुठून, आजोबांच्या ट्रंकेतून? 😄

डॉसभाऊ: फ्लॉपी लागतच नाही. विंडोज ९८ जिवंत आहे ना, मग डॉस मोडमध्ये जा आणि ग्रब४डॉसची ग्रब.एक्सई चालव, ती डॉसमधूनच लिनक्स सुरू करते. डेबियनच्या एचडी-मीडिया फोल्डरातल्या व्हीएमलिनक्स आणि इनिटआरडी या इन्स्टॉलर सुरू करणाऱ्या दोनच फाइली सी ड्राइव्हवर, नेटइन्स्टची (छोट्या इन्स्टॉल सीडीची) आयएसओ फाइल डी वर, इन्स्टॉलर ती आपली आपण शोधतो. पण डी ला पार्टिशन (डिस्कचे भाग) करताना हात लावू नकोस हां, मी लावला होता, सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

स्क्रूड्रायव्हर: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? डिस्क काढा, दुसऱ्या पीसीला लावा, तिथे इन्स्टॉल करा, परत बसवा. यूयूआयडीमुळे (डिस्कच्या भागाच्या ओळखक्रमांकामुळे) डिस्कचं नाव बदललं तरी अडत नाही. ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) मात्र त्याच डिस्कवर टाका, नाहीतर दुसऱ्याचा चालू पीसी बसेल.

भंगारवाला: टाका काय टाकायचं ते, पण ती वीस वर्षांची आयडीई (जुन्या जोडणीची) डिस्क कधी राम म्हणेल सांगता येत नाही, आणि उधारीचा हिशोब तिच्यावर ठेवणार?

खटपट्या: हे मात्र पटलं. हिशोब वहीत आहेच, डिस्कवर फक्त बिलं. आयडीईला सीएफ कार्डाचा (कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाचा) अडॅप्टर मिळाला तर डिस्कच बदलतो. आज रात्री डॉसभाऊंच्या पद्धतीने करतोय, डी ला हात न लावता.