रवांडात ६३ टक्के बायका, आपल्याकडे १३. बरं, मग?

सडाफटिंग:
काल एकीने लिहिलं, 'रवांडाच्या संसदेत ६३ टक्के बायका, २०२४ च्या आपल्या लोकसभेत १३. लाज वाटते.' वर टाळ्यांचा पाऊस. मला नाही वाटत लाज. तिथल्या ८० पैकी २४ जागा बायकांना राखीव, आणि त्यांना तुमच्या-माझ्यासारखा साधा मतदार मत देतच नाही. स्थानिक मंडळंच निवडतात. त्याच वर्षी कागामे ९९ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे ५१ बायका बसल्या काय नि ५१ बाप्ये बसले काय!

मुक्ताई:
ती 'एकी' मीच. २४ राखीव, मग उरलेल्या २७ आभाळातून पडल्या? बहुतेक पक्षांनीच यादीत घेतल्या. आपल्या पक्षांनी महाराष्ट्रातून ४८ पैकी ७ निवडून आणल्या. आणि स्वीडनच्या संसदेतही बायका भरपूर, तिथेही कागामेच आहेत का?

सडाफटिंग:
स्वीडनला यादी पद्धत आहे, मत पक्षाच्या यादीला. इथे मतदारसंघात तिकीट एकच, बाईला द्यायचं तर कुणातरी भाऊंचं कापावं लागतं. दिलं तरी लेकीला नाहीतर सुनेला.

मुक्ताई:
लेकाला दिलं की 'युवा नेतृत्व', नाही का?

तलाठीतात्या:
तेहतीस वर्षं खेडी पाहिली. ग्रामसभेत सरपंचबाई दाराशी, नवरा खुर्चीत, शिक्का त्याच्या खिशात. ठराव विचारला की 'ह्यांना विचारा'. आरक्षण आलं की दिल्लीतही हेच होणार.

मुक्ताई:
तात्या, माझी आई सरपंच होती. पहिलं वर्ष वडीलच बोलायचे, लपवत नाही. मग नळयोजनेचं बिल आलं. बिलात ९० मिलिमीटरचा पाइप. आईने हातातली बांगडी काढून पाइपवर सरकवली, अलगद गेली. सही केली नाही. वडील चार दिवस बोलले नाहीत.

प्लंबिंगवाला:
बांगडी कितीची?

मुक्ताई:
दोन-आठची.

प्लंबिंगवाला:
म्हणजे आत अडीच इंच. पाइप ६३ चा होता. सगळीकडे हाच धंदा! आमच्या सोसायटीत तर

सडाफटिंग:
अहो, विषय संसदेचा आहे!

प्लंबिंगवाला:
संसदेत पाणी येत नाही का? ९० च्या जागी ६३ म्हणजे निम्मंही पाणी नाही. टोकाच्या घरांना थेंब नाही. हंडा कोण वाहतं, तुम्ही?

सडाफटिंग:
माझ्या घरी मीच भरतो. उगाच अंगावर येऊ नका.

हापूसप्रेमी:
तात्यांचे सरपंचपती मेक्सिकोतही होते. २००९ मध्ये काही बायकांनी खासदारकीची शपथ घेतली आणि लगेच रजा टाकली. तिथे प्रत्येक उमेदवारासोबत एक पर्यायी उमेदवारही निवडून येतो, तेव्हा जागेवर बसले त्यांचे पर्यायी पुरुष. २०११ ला निवडणूक न्यायालयाने बजावलं, बाईचा पर्यायी उमेदवार बाईच हवा. वाट बंद. आता खालच्या सभागृहात निम्म्या बायका. पळवाट निघाली तर ती बुजवायची, आरक्षण कशाला मोडायचं?

सडाफटिंग:
ठीक आहे, मेक्सिको तुमचा. रवांडा मात्र माझाच. आणि आपला २०२३ चा महिला आरक्षणाचा कायदा? आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मगच आरक्षण. पहिलं विधेयक १९९६ चं. तेव्हा जन्मलेली पोर एव्हाना निवडणूक लढवायच्या वयाची झाली.

मुक्ताई:
एवढं एक वाक्य पटलं. कॅलेंडरवर खूण करते.

तलाठीतात्या:
ते राहू द्या. पाइप बदलला का शेवटी?

मुक्ताई:
बदलला, सात महिन्यांनी. ठेकेदार तोच.