'जरायुज' की 'अंडजरायुज'? पिल्लं देणाऱ्या भेकासाठी शब्द

प्रश्न : टांझानियातल्या किहान्सी दरीतल्या भेकांवर मुलांसाठी लेख लिहितेय. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. 'जरायुज' म्हणू का? 'भेकी व्याली' चालेल? माझं वाक्य : 'हा जरायुज टोड २००९ मध्ये नामशेष झाला.'

उत्तर १ : ताई, 'टोड'ऐवजी 'भेक'च ठेवा. संस्कृतात भेक म्हणजे कुठलाही बेडूक, पण मराठी जीवशास्त्राने तो शब्द टोडसाठी राखलाय.

'जरायुज'बद्दल मात्र विचार करा. जरायु म्हणजे गर्भाचं वेष्टन, वार. गाय व्याली की वार पडेपर्यंत आमच्या घरी कुणी गोठ्यातून हलत नसे, तीच ही वार. या भेकाला ती नाही. गर्भ मादीच्या अंडनलिकेत अंड्यातल्या बलकावर वाढतो, बेडूकमाशाची अवस्था पोटातच उरकतो आणि मुगाच्या दाण्याएवढा भेक होऊनच बाहेर येतो. मादी स्वतःच तीन सेंटिमीटरची नसते! म्हणून 'अंडजरायुज' जास्त बरोबर. मुलांसाठी मी सरळ 'पिल्लं देणारा भेक' लिहीन.

उत्तर २ : पश्चिम आफ्रिकेतल्या निंबा डोंगरावरच्या भेकाला बलक जवळपास नसतो. तिथे पिल्लं नऊ महिने आईच्या पोटात, तिच्याच स्रावावर पोसली जातात. वार तिलाही नाही, तरी पोषण आईचं म्हणून त्याला 'जरायुज' म्हणतात. दोघांना एकच शब्द लावला तर हा फरक हरवतो.

'व्याली' मला खटकत नाही. आमच्याकडे घोणसही 'व्याली'च म्हणतात.

उत्तर १ : हो, 'व्याली' चालेल. पण 'नामशेष' कृपया खोडा. नामशेष म्हणजे ज्याचं फक्त नाव उरलं तो. २००० साली धरणासाठी पाणी वळवलं आणि धबधब्याच्या ज्या तुषारांवर हा भेक जगायचा ते आटले. पुढे बुरशीचा रोगही आला. पण २००० सालीच ४९९ भेक न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात नेले होते. २००९ मध्ये तो रानातून संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्यांची पिल्लावळ काचेच्या टाक्यांत जिवंत होती. २०१२ मध्ये त्यातले काही पुन्हा दरीत सोडले. 'रानातून नाहीसा झाला' असं लिहा.

प्रश्नकर्ती : बदललं. आणि त्याचं लॅटिन नावही तुषारांवरूनच आहे, म्हणून लेखात 'तुषारभेक' म्हणतेय.