पगाराआधीचा खर्च पण बघा की
फॉर्म्युला १ (एफ१) रेसिंगमधल्या मर्सिडीज टीमचा ड्रायव्हर किमी अँटोनेली, सगळे त्याच्या पगारावरच बोलायलेत, पण पगार सुरू व्हायच्या आधी किती ओतावे लागतात ते कुणीच बघंना. आधी कार्टिंग (छोट्या गाड्यांची रेसिंग), मग एफ१ च्या खालच्या पायऱ्या एफ४, एफ३, एफ२, आणि तिथपर्यंत कमाई सोडाच, बहुतेक पोरं सीटसाठी उलट टीमलाच कोटीत पैसे देतात वो! अँटोनेलीला मर्सिडीजनं २०१९ लाच ज्युनियर प्रोग्रॅममध्ये उचललं, बाप पण रेसिंगवाला, म्हणून एफ३ गाळून २०२४ ला एफ२ अन् २०२५ ला १८ व्या वर्षी डायरेक्ट मर्सिडीजच्या एफ१ टीममधली हॅमिल्टनची सीट. आपल्या सोलापुरातलं पोरगं कितीबी फास्ट असूदे, होटगी रोडवर बुलेट पळवून एफ१ चालवायला लागणाऱ्या सुपर लायसन्सचे ४० पॉइंट थोडेच मिळणारेत, आपला भारतीय एफ१ ड्रायव्हर नारायण कार्तिकेयनला सुद्धा २००५ ला जॉर्डन टीमच्या गाडीत बसताना टाटांची स्पॉन्सरशिप होतीच की.