बोट टेकवल्याशिवाय न बोलणारं कॉन्टॅक्टलेस कार्ड: स्पर्शाची कडी अँटेनात लावू की चिपमध्ये?

वेटोळे_आणि_मी

गेले चार महिने एका कॉन्टॅक्टलेस कार्डात डोकं घालून बसले आहे. अट एकच: धरणाऱ्याने अंगठा ठरलेल्या जागी टेकवला तरच कार्ड रीडरला उत्तर देईल, एरवी गप्प राहील. खिशातलं कार्ड शेजारून जाणाऱ्याने परस्पर वाचू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

पहिला नमुना यांत्रिक केला. अँटेनाची तार एका ठिकाणी तोडून तिथे बारीक मेटल डोम (दाबल्यावर टेकणारी धातूची घुमटी) बसवला. दाबला की अँटेनाचं वेटोळं पूर्ण. टेबलावर चाललं. पण कार्डाची जाडी जेमतेम ०.७६ मिमी. लॅमिनेशनच्या उष्णतेत दोन डोम दबले ते उठलेच नाहीत. तिसरा टिकला, तर ते कार्ड पाकिटात घालून दिवसभर खुर्चीत बसल्यावर संध्याकाळी रीडरने ते पाकिटातूनच वाचलं! माझ्याच वजनाने बटण दाबलं गेलं होतं.

मग डोम सोडला आणि रेझोनन्सकडे वळले, म्हणजे अँटेना ज्या वारंवारतेला सर्वात जास्त ऊर्जा घेते तिच्याकडे. ती वेटोळं आणि कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) यांवर ठरते. चिपचा स्वतःचा कॅपॅसिटन्स १७ पिकोफॅरड. अँटेनाला दोन पॅड असे जोडले की अंगठ्याने साधारण ५ पिकोफॅरडची भर पडते. वेटोळं ६.३ मायक्रोहेन्रीच्या आसपास ठेवलं. बोट नसताना रेझोनन्स १५.४ मेगाहर्ट्झला, बोट आलं की बरोबर १३.५६ वर, म्हणजे रीडरच्या वारंवारतेवर. तीन सेंटीमीटरवर सुरेख चाललं, बोट काढलं की शांतता. पण तेच कार्ड रीडरवर सपाट ठेवलं तर बोटाशिवायही बोलतं. वेटोळ्याचा रेझोनन्स १३.५६ पासून आणखी लांब हटवू का? की मुळातच चुकतेय?

जुना_तारवाला

मुळात चुकतंय, पण मोजमाप व्यवस्थित केलंत म्हणून चूक लगेच दिसली.

रेझोनन्स हटवला की कार्डाला ऊर्जा कमी मिळते, बंद होत नाही. आयएसओ १४४४३ या कॉन्टॅक्टलेस कार्डांच्या मानकाप्रमाणे कार्ड १.५ अँपिअर प्रति मीटर एवढ्या चुंबकीय क्षेत्रात चाललं पाहिजे, आणि रीडरने ७.५ च्या वर जायचं नाही. ही वरची मर्यादा सभ्य रीडरची. चोर ती कशाला पाळेल? तो क्षेत्र वाढवेल, नाहीतर सरळ तुमच्या १५.४ मेगाहर्ट्झवरच पाठवेल. चिप आपलं क्लॉक (कामाचा ठेका) रीडरच्या वाहक लहरीतूनच काढते, त्यामुळे ती थोडी भरभर चालेल, पण उत्तर देईल. तुमचं हटवलेलं वेटोळं म्हणजे लोटलेलं दार आहे, त्याला कुलूप नाही.

स्पर्श झाला की नाही हे चिपने ठरवायला हवं, आणि तेही अगदी पहिल्या हाकेला. रीडर आरईक्यूए (‘कोणी कार्ड आहे का?’ ही पहिली हाक) पाठवतो, त्याला उत्तर देण्याच्याही आधी. पुष्कळ जण स्पर्शाची तपासणी सहीच्या वेळी, म्हणजे कार्ड व्यवहारावर डिजिटल सही करतं तेव्हा, ठेवतात. तोवर कार्डाने अँटिकोलिजनमध्ये (अनेक कार्डांतून एक निवडण्याच्या टप्प्यात) आपला यूआयडी (ओळख क्रमांक) सांगून टाकलेला असतो. पैसे गेले नाहीत तरी कोण कुठे फिरतंय हे कळतंच. दर वेळी बदलणारा यादृच्छिक यूआयडी असतो (त्याचा पहिला बाइट ०८), तो वापराच. पण मौन त्याहून बरं.

वेटोळे_आणि_मी

हे पटलं. वाईट याचं वाटतं की तीन आठवडे वेटोळंच कोरत बसले.

चिपमध्ये तपासणी करून पाहिली होती, तयार टच-सेन्सर लावून. तिथे वेगळीच अडचण आली. सेन्सर चालू होताना पॅडवर जे दिसेल त्यालाच शून्य धरतो. माझ्या कार्डात बॅटरी नाही, ते रीडरच्या क्षेत्रात आल्यावरच जागं होतं. आणि तेव्हा अंगठा आधीच टेकलेला असतो! म्हणजे सेन्सरच्या लेखी अंगठा हीच मोकळी अवस्था. अंगठा उचलून पुन्हा टेकवला तरच त्याला कळतं, आणि असं करायला कोणाला सांगणार?

पॅडवरची_ठेव

हा प्रश्न आमच्याकडेही असाच अडला होता. शून्य शोधायला जाऊ नका, तुलना करा. आणखी एक पॅड आतल्या थरात ठेवा, जिथे बोटाचा परिणाम पोचत नाही. तापमान, ओल, प्लॅस्टिकचं जुनेपण दोन्ही पॅडना जवळपास सारखंच लागतं, त्यामुळे दोघांचं गुणोत्तर टिकून राहतं. उंबरठा (किती फरक पडला की स्पर्श मानायचा ती पातळी) कारखान्यात, प्रत्येक कार्डाचा वेगळा मोजून, चिपच्या कायम स्मृतीत लिहा.

दुसरं, एका पॅडवर भागणार नाही. खिशातल्या कापडाआडून मांडीसुद्धा बोटासारखीच भासते. वर अंगठा आणि खाली तर्जनी, अशी चिमूट मागा. पाकिटातली नाणी किंवा दुसरं कार्ड दोन्ही पॅडवर एकाच वेळी, बोटाएवढाच परिणाम करेल ही शक्यता पुष्कळ कमी होते. शून्य होत नाही, म्हणून भरलेल्या पाकिटात घालून तपासाच.

मोजायचं कधी? रीडर पहिली हाक देण्याआधी निदान ५ मिलिसेकंद नुसतं क्षेत्र देतो, त्यात मॉड्युलेशन (संदेशासाठी लहरीत केलेला बदल) नसतं. एवढी शांतता पुन्हा मिळत नाही. तेवढ्यात मोजा. जमलं नाही तर पहिली हाक सोडून द्या, रीडर पुन्हा विचारतोच.

अंतर_मोजा

एक सांगू का, स्पर्शाने काय साधत नाही तेही कागदावर लिहून ठेवा. अंगठा ‘मी तयार आहे’ एवढंच सांगतो, ‘या रीडरसाठी’ असं सांगत नाही. रिले हल्ल्यात समोरचा रीडर फक्त निरोप्या असतो, तो कार्डाचे संदेश दूरच्या खऱ्या रीडरकडे पोचवतो आणि खरा व्यवहार तिथे चाललेला असतो. हा हल्ला २००५ मध्ये संशोधक हँके यांनी प्रत्यक्ष करून दाखवला. त्यावरचा अंतर-बंधनाचा उपाय (उत्तर यायला लागलेल्या वेळावरून कार्ड जवळच आहे हे तपासणं) ब्रँड्स आणि चाउम या संशोधकांनी १९९३ मध्येच मांडला होता. अवघड यासाठी की प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. १३.५६ मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला ७४ नॅनोसेकंद लागतात, तेवढ्यात तो २२ मीटर गेलेला असतो. आणि आयएसओच्या मानकात उत्तरासाठी जवळपास ५ सेकंदांपर्यंत वाट पाहायची मुभा आहे! तुमच्या कार्डात ही मुदत शक्य तितकी आखूड ठेवा.

तरीही स्पर्श हवाच. त्याच्यामुळे हल्ल्याची संधी दिवसभराची न राहता व्यवहाराच्या क्षणापुरती उरते. व्यवहार संपेपर्यंत स्पर्श टिकला पाहिजे असं ठेवा, मध्येच सुटला तर सही नको.

वेटोळे_आणि_मी

या आठवड्यात दोन बाजूंच्या पॅडची मांडणी काढते, आतल्या तुलना-पॅडसकट. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना जागा सापडावी म्हणून पॅडच्या कडेला उंचवटा देईन. कृत्रिम हात किंवा जाड हातमोजा असेल तर काय, हे अजून सुटलेलं नाही. त्यांच्यासाठी डोमचं वेगळं कार्ड करावं का? कोणी केलं असेल तर डोमवरचा थर किती जाड ठेवलात, ते सांगा.