एसबीएचे आपत्ती-कर्ज: निम्मी कागदपत्रे पुरात गेली असताना अर्ज कसा तयार करावा?

रंधा

नमस्कार. मी आणि माझे मेहुणे अमेरिकेत चित्रांना चौकटी बसवून देण्याचा छोटा व्यवसाय एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) स्वरूपात चालवतो. माझा हिस्सा ७५ टक्के आणि त्यांचा २५ टक्के आहे. महिन्यापूर्वीच्या पुरात आमच्या भाड्याच्या गाळ्यात कमरेइतके पाणी शिरले आणि कापणीची दोन यंत्रे, लाकडी पट्ट्यांचा साठा व दप्तराचे कपाट असे तिन्ही हातचे गेले. आमची काउंटी (जिल्हा) आपत्तिग्रस्त म्हणून जाहीर झाली आहे, त्यामुळे स्मॉल बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (एसबीए) या सरकारी संस्थेच्या आपत्ती-कर्जासाठी अर्ज करण्याचा विचार आहे. मात्र गेल्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नसाठी आम्ही मुदतवाढ घेतली होती, त्यामुळे ते अद्याप भरलेले नाही. विम्याचा दावा केव्हा निकाली निघेल याची कल्पना नाही. आणि खरेदीच्या पावत्यांचा अक्षरशः लगदा झाला आहे. हे सर्व हाती येईपर्यंत थांबावे, की जे आहे त्यावरच अर्ज करावा? शिवाय मेहुण्यांचा प्रश्न असा की, कर्ज व्यवसायासाठी असताना त्यांच्या घराच्या कर्जाची आणि बचतीची माहिती कशासाठी द्यायची?

हिशेबनीस

थांबू नका, हे पहिले. प्रत्यक्ष मालमत्तेच्या नुकसानीसाठी अर्ज करण्याची मुदत साधारणपणे घोषणेपासून ६० दिवसांची असते, म्हणजे तुमची निम्मी मुदत संपत आली आहे. आपल्या काउंटीच्या घोषणेत छापलेली नेमकी तारीख आजच पाहून घ्या. धंदा बंद राहिल्यामुळे झालेल्या आर्थिक हानीच्या कर्जाला सुमारे नऊ महिने मिळतात. पुष्कळ जण हा दुसरा आकडा ऐकून निश्चिंत होतात आणि पहिली तारीख हुकवतात.

विम्याच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. विमा मंजूर होण्यापूर्वी कर्ज मंजूर होऊ शकते. नंतर आलेली विम्याची रक्कम त्याच नुकसानीपोटी असेल तर ती कर्जात वळती करावी लागते, कारण एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही. त्यामुळे पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव आणि दावा केल्याची तारीख एवढे आत्ता पुरेसे आहे.

रिटर्न भरलेले नसेल तर त्या वर्षाचे वर्षअखेरीचे नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार ठेवा, आणि त्यासोबत शेवटचे भरलेले रिटर्न सर्व शेड्यूलसह (पुरवणी तक्त्यांसह) जोडा. सर्व शेड्यूलसह यावर जोर अशासाठी देतो की, पहिली दोन पाने जोडून अर्ज पूर्ण झाला असे समजणारे अनेक लोक मी पाहिले आहेत. तुमची प्रत भिजली असेल तर आयआरएसकडून (केंद्रीय करखात्याकडून) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नमधील मुख्य नोंदींचा उतारा, विनामूल्य मिळते, आणि संपूर्ण रिटर्नची प्रत हवी असल्यास आपत्तिग्रस्तांना त्याचे शुल्कही माफ असते. याखेरीज, आयआरएसकडून तुमची माहिती थेट मागवण्याची परवानगी देणाऱ्या संमतिपत्रावर सही करावी लागते. त्यावर एलएलसीचे नाव आणि पत्ता रिटर्नवर आहे तसाच, अक्षर न् अक्षर, लिहावा.

मेहुण्यांविषयी: २० टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक आर्थिक स्थितीचा फॉर्म ४१३ आणि स्वतःचे टॅक्स रिटर्न द्यावे लागते, आणि सामान्यतः त्यांच्याकडून वैयक्तिक हमीही घेतली जाते. त्यामुळे त्यांची नाराजी समजण्यासारखी असली तरी २५ टक्क्यांना त्यातून सुटका नाही. उलट, ही हमी काय आहे हे त्यांनी आत्ताच नीट वाचावे. मंजुरीनंतर सही करताना घरात वाद उभा राहण्यापेक्षा ते बरे.

कोरडी_पायरी

हिशेबनीसांच्या म्हणण्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. आमच्या अर्जात एकही कागद कमी नव्हता, तरीही तो तीन आठवडे अडकला, कारण कागद एकमेकांशी जुळत नव्हते. व्यवसायावरील कर्जांची यादी देणाऱ्या फॉर्म २२०२ मध्ये आम्ही बँकेचे कर्ज आणि यंत्राचा हप्ता लिहिला, पण व्यवसायाच्या क्रेडिट कार्डची थकबाकी लिहिली नाही. ती ताळेबंदात मात्र होती. तपासणाऱ्याला त्या फरकाचा अर्थ कळला नाही आणि मलाही त्या क्षणी सांगता आला नाही. म्हणून ताळेबंद, फॉर्म २२०२ आणि रिटर्न ही तिन्ही एका टेबलावर ठेवून प्रत्येक देणे तिन्हीकडे शोधा, आणि जिथे तारखेमुळे आकडा बदलला असेल तिथे एका ओळीत तसे लिहून ठेवा.

पावत्यांबद्दल फार घाबरू नका. पुरवठादारांकडे त्यांच्या बाजूची बिले असतात, बँकेची आणि कार्डाची विवरणे ऑनलाइन मिळतात, आणि शेवटच्या रिटर्नमधील साठ्याचा आकडा हा तर तुमचा स्वतःचाच जुना पुरावा असतो. त्यावरून वस्तू, संख्या, खरेदीचे साल आणि अंदाजे किंमत अशी यादी करा. ज्या वस्तूची किंमत आठवणीतून लिहिली असेल तिच्यापुढे ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहा. गोल आकड्यांनी भरलेली यादी कोणालाही खरी वाटत नाही. भिजलेला माल टाकून देण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्या, यंत्रांवरील क्रमांकाची पट्टी वाचता येईल इतक्या जवळून. गाळा भाड्याचा असल्यामुळे भाडेकराराची प्रतही लागेल, कारण भिंती आणि फरशी मालकाची की तुमच्या खर्चाने बसवलेली, हे त्याशिवाय ठरत नाही.

रंधा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मेहुण्यांनी हमीचा मजकूर वाचला. ते आनंदी नाहीत, पण तयार आहेत. आणखी एक विचारतो. एका खासगी सल्लागाराने ठरावीक शुल्क घेऊन संपूर्ण अर्ज तयार करून देण्याची आणि मंजुरीची ‘जवळजवळ खात्री’ देण्याची तयारी दाखवली आहे. हे घ्यावे का? आणि नुकसानीचा आकडा थोडा सढळ लिहावा, कपात होतच असते, असेही त्याने सुचवले.

हिशेबनीस

अर्ज विनामूल्य आहे. मदतीसाठी कोणाला पैसे दिले तर ते अर्जात उघड करावे लागतात, आणि मंजुरीची खात्री देण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझ्या मते, सढळ आकड्याचा सल्ला ज्याने दिला त्याच्या हाती सहीचा कागद देऊ नये. नुकसान एसबीए स्वतः पडताळून पाहते. फुगवलेल्या आकड्यामुळे रक्कम वाढत नाही, उरलेल्या कागदांवर संशय मात्र येतो.

कर्जाचे स्वरूपही लक्षात घ्या. व्यवसायासाठी कमाल मर्यादा २० लाख डॉलर आहे. अन्यत्र कर्ज मिळू शकत नसेल तर व्याजदर ४ टक्क्यांपेक्षा अधिक नसतो आणि फेड ३० वर्षांपर्यंत असू शकते. पडताळलेल्या भौतिक नुकसानीच्या २० टक्क्यांपर्यंत वाढीव रक्कम पुढच्या पुरापासून बचाव करणाऱ्या कामांसाठी मागता येते. यंत्रे उंच ओट्यावर बसवणे तुम्हाला त्यात सुचवता येईल, अर्थात गाळेमालकाच्या लेखी संमतीने.

कोरडी_पायरी

पैसे मिळाल्यानंतरही दप्तर बंद करू नका. ठरवून दिलेल्या कामाव्यतिरिक्त जाणूनबुजून खर्च केल्यास मूळ रकमेच्या दीडपट दंड होऊ शकतो, त्यामुळे कर्जातून दिलेल्या प्रत्येक डॉलरची पावती वेगळ्या फाइलमध्ये लावा, आणि यावेळी तिची स्कॅन प्रत गाळ्याबाहेर कुठेतरी ठेवा. अर्ज नाकारला गेला तर नकारपत्राच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत फेरविचाराची विनंती करता येते. पत्रात नकाराचे कारण दिलेले असते आणि नेमके त्याच कारणाला उत्तर देणारे कागद जोडायचे असतात, सगळा गठ्ठा पुन्हा नव्हे.

रंधा

सल्लागाराला नकार कळवला आहे. फॉर्म २२०२ ताळेबंदाशी ताडून पाहताना यंत्राच्या हप्त्यात ४१२ डॉलरचा फरक निघाला. तो पुराच्या आठवड्यात भरलेल्या हप्त्याचा होता, तसे खाली लिहिले आहे. पट्ट्यांच्या पुरवठादाराकडून दोन वर्षांची बिले उद्या येतील, आणि ती आली की परवा अर्ज दाखल करतो.