चिंचोके मोजले, त्याचा फोटो कशाला?

कुळागर:
गेल्या आठवड्यात मुलाच्या शाळेच्या पालकगटावर एक मजकूर फिरत आला. ‘रोज तीस मिनिटे द्या, खेळता खेळता शिकवा’ असे त्याचे शीर्षक होते आणि खाली आठवड्याचे वेळापत्रक होते: सोमवारी रंगीत तांदूळ, मंगळवारी कापसाचे ढग, बुधवारी डाळींचे चित्र. शेवटची ओळ अशी की, प्रत्येक कृतीचा फोटो रात्री नऊच्या आत गटावर टाकावा. मी गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून साडेसातला घरी पोहोचतो, पत्नीची पाळी दर आठवड्याला बदलते आणि साडेचार वर्षांचा मुलगा त्या वेळी पेंगत असतो. मंगळवारी घरात कापूस नव्हता म्हणून मी उशीची शिवण उसवली. ढग झाला, फोटोही गेला; मुलगा मात्र त्याआधीच झोपला होता आणि ढग मी चिकटवला होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत ठरवली, 2023 मध्ये त्या वयासाठी खेळातून शिकण्याच्या साहित्याचा ‘जादुई पिटारा’ आला, हे सारे मी वाचले आहे. पण तो पिटारा शाळेत उघडायचा असतो, अशी माझी भाबडी समजूत होती. शाळेने आपले काम पालकांच्या पदरात टाकावे आणि वर त्याला खेळ म्हणावे, हे मला मान्य नाही.

माटोळी:
आपला राग फोटोवर आहे आणि मार मात्र खेळाला बसतो आहे. मी सत्तरी तालुक्यात 32 वर्षे बालवाडी चालवली. रंगीत तांदूळ कधी केले नाहीत, कारण तांदूळ शिजवण्यासाठी असतो. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला. मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि पाने, बिया, शंखशिंपले हेच त्यांचे साहित्य ठरले. कापूस आणायला त्यांना कोणी दुकानात पाठवले नव्हते.

आता घरात काय करता येईल, ते सांगते. मुलासमोर सात चिंचोके ओळीने मांडावेत आणि मोजायला सांगावे. सातापर्यंत मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ असे विचारले की चार वर्षांची कित्येक मुले पुन्हा एकपासून सुरुवात करतात, कारण शेवटी उच्चारलेला आकडा हाच सगळ्या ढिगाचा आकडा, हे त्यांना अजून उमगलेले नसते. नंतर तेच चिंचोके जरा लांब लांब सरकवावेत. ‘आता जास्त झाले’ असे मूल बेधडक सांगते. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी जगाला दाखवलेली ही गंमत आहे आणि तिच्यासाठी उशी उसवावी लागत नाही. तिथे मुलाची चूक दुरुस्त करू नये, पुन्हा मोजू द्यावे. चतुर्थीला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांची, टोपली घरात आली की तोरिंग, चिबूड, आंबाडे, कवंडळे, घागऱ्या आणि सुपारीचे शिपटे मुलापुढे ठेवावे: जड कोणते, खरखरीत कोणते, खायचे कोणते आणि नुसते टांगायचे कोणते? वर्गीकरण म्हणजे दुसरे काय असते? याला दहा मिनिटे पुरतात, आणि ती आपणांस नाहीत असे मी मानणार नाही.

दोन मुलांची आई:
चिंचोके सुचवताना बाईंनी एक गोष्ट गाळली. माझ्या धाकट्याने अडीच वर्षांचा असताना चिंचोका नाकात घातला आणि काढायला गेलो तसा तो आणखी आत गेला. रात्री अकरा वाजता एका रुग्णालयाच्या बाकावर आम्ही दोन तास बसून होतो आणि सासूबाई मला पुनःपुन्हा विचारत होत्या की, हा खेळ तुला शिकवला कोणी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बी, मणी किंवा बटण देऊ नये, हे वाक्य अशा प्रत्येक सल्ल्याच्या डोक्यावर लिहिले पाहिजे. बत्तीस वर्षांच्या अनुभवात ते राहून जावे याचे नवल वाटते.

माटोळी:
मुलगा साडेचार वर्षांचा असल्याचे वाचूनच मी लिहिले होते. तरीही वाक्य लिहायला हवे होते, हे कबूल करते. धाकटे भावंड घरात असेल तर चिंचोक्यांऐवजी नारळाच्या करवंट्या घ्याव्यात. त्या कोणत्याही नाकात जात नाहीत.

अंत्रुज:
‘किती?’ हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा, याबद्दल सगळे गप्प आहेत. आमच्या घरात बोलणे कोकणीत, परवचा आणि श्लोक मराठीत, शाळा इंग्रजीत. माझी नात ‘वन, टू, थ्री’ म्हणत चिंचोके मोजते आणि चिंचोक्याला ‘सीड’ म्हणते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगाव मराठी शाळा उघडल्या, त्यांपैकी एकीत मी शिकलो. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हाच मी म्हटले होते की, आता अंगणातही इंग्रजी येईल. ती आली आहे.

शापोराकाठ:
अनुदानाचे पुराण इथे कशाला? मराठी आकडेच लहान मुलाला जड जातात, हे आधी मान्य करा. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी येतो. माझ्या मुलीने वर्षभर पंचवीस म्हणून 52 लिहिले. ‘एकोणतीस’ म्हणजे तर तिशी उजाडण्याआधीच तिशीचे नाव. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्याची कारणे शांतपणे सांगितली, तर महाराष्ट्राने केवढा गदारोळ केला!

अंत्रुज:
तो गदारोळ योग्यच होता. कोकणीतही एकवीस आणि बावीसच म्हणतात, आणि त्या आकड्यांवर आमच्या आज्यांनी काजूच्या बियांचे हिशेब बिनचूक केले. आपल्या लाडक्या इंग्रजीतील ‘थर्टीन’मध्येही तीन आधीच येतो, तो आपणांस खुपत नाही. आपल्या मुलीने 52 लिहिले यात भाषेपेक्षा घरच्या शिकवणीचा दोष अधिक असावा.

शापोराकाठ:
माझ्या मुलीवर येऊ नका. शिकवणी मीच घेत होतो, म्हणून तर अडचण मला दिसली. ‘थर्टीन’चा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तो आपल्याकडून यावा याचे मला दुःख आहे.

माटोळी:
सात चिंचोक्यांच्या ढिगावर आपण दोघे एकोणतिसासाठी भांडत आहात. चार वर्षांचे मूल वीसपर्यंत पोहोचले तरी पुष्कळ झाले. ज्या भाषेत ते आजीकडे भाकरीचा तुकडा मागते, त्याच भाषेत मोजू द्यावे. दुसऱ्या भाषेतील नाव नंतर त्याच चिंचोक्यावर ठेवता येते.

दोन मुलांची आई:
फोटोविषयी मात्र कुळागर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ तासाभराहून अधिक नसावा, आणि जितका कमी तितका बरा, असे सांगितले. आमच्याकडे फोटो काढला की मुलगा तो पाहायला मोबाइल मागतो, फोटोमागून व्हिडिओ येतो, आणि पडदा कमी व्हावा म्हणून सुरू केलेला खेळ पडद्यावरच संपतो.

कुळागर:
रविवारी बाईंचे ऐकले, यापेक्षा अधिक कबुली माझ्याकडून मिळणार नाही. नऊ चिंचोके मांडले. ‘किती?’ म्हटले की तो पहिल्यापासून सुरू करी. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी वैतागून ओरडला, “सांगलें न्हय, णव!” अंत्रुज यांना भाषा आवडेल आणि शापोराकाठ यांना आकडा लहान असल्याचे समाधान मिळेल. लांब सरकवल्यावर मात्र त्याने ‘खूप झाले’ असे ठासून सांगितले, तेव्हा पियाजे यांच्याबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार उरते ती रात्री नऊच्या फोटोची. तो आज जाणार नाही; कोणी विचारलेच तर उशी शिवत आहे, असे कळवीन.

दोन मुलांची आई:
खेळ संपल्यावर चिंचोके मोजून परत घेतलेत ना?

कुळागर:
आठ मिळाले. शोधत आहे.